कानस लागली म्हणजे पार्ट चुकला, असे नाही

उजनीच्या काठाने, पळसदेवपासून भिगवणपर्यंत, एक मत सर्रास ऐकू येते. स्पेअर पार्ट खोक्यातून काढावा आणि तसाच बसवावा. त्याला कानस लावावी लागली, तर पार्ट डुप्लिकेट तरी असणार किंवा मेस्त्री अडाणी तरी. नव्या यंत्रांपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. जुन्या ऑईल इंजिनाला मात्र ते लागू पडत नाही, आणि ते लावल्यामुळे आणखी वीस वर्षे पाणी ओढू शकणारे इंजिन भंगाराच्या भावाने जाते.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. एकसारखे पार्ट ही यंत्रयुगाची मोठी देणगी आहे. पार्ट पुण्याहून आणा की इंदापुरातून, तो बसला पाहिजे. ऊस वाळत असताना कारागिराची वाट पाहत बसणे कुणाला परवडत नाही. शिवाय हाताच्या कामाचा दर्जा हातागणिक बदलतो. नव्या धाटणीच्या इंजिनातले पातळ बेअरिंग शेल तर घासायचेच नसतात. त्यांच्यावरचा मऊ धातूचा थर इतका पातळ असतो, की स्क्रेपर फिरला की बेअरिंग गेलेच. एवढे सगळे मला मान्य आहे.

पण या मताला आधार म्हणून जो इतिहास सांगितला जातो, तोच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. एकसारख्या पार्टांचा आदर्श म्हणून बंदुकांच्या कारखान्यांकडे बोट दाखवतात, त्यातही सॅम्युअल कोल्ट यांच्या रिव्हॉल्वरकडे. 1853 मध्ये कोल्ट यांनी लंडनला कारखाना काढला, तेव्हा तिथली यंत्रे पाहून इंग्रज अभियंते प्रभावित झाले. तरीही त्या रिव्हॉल्वरच्या फ्रेमवर, नळीवर, सिलिंडरवर एकच क्रमांक ठोकलेला असे. पार्ट मऊ असतानाच कानशीने एकमेकांत बसवून घेत, क्रमांक टाकत, मग सुटे करून कडक करत आणि त्याच सोबत्यांबरोबर पुन्हा जुळवत. सगळे पार्ट हुबेहूब असते, तर क्रमांकाची गरज काय होती? म्हणूनच अशा जुन्या हत्याराला सिलिंडर फिरवणारा नवा खटका घालायचा, तर जाणकार कारागीर तो जरा लांब ठेवलेला घेतो आणि त्या एका हत्यारापुरता घासून बसवतो.

आता आपल्या इंजिनाकडे येऊ. डर्सलीच्या लिस्टर कंपनीचे मिनिटाला 650 फेऱ्यांचे संथ इंजिन आणि राजकोटात निघालेल्या त्याच्या नकला जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक आहेत. त्याचे जड फ्लायव्हील क्रँकशाफ्टवर धरून ठेवते ती डोकेवाली निमुळती चावी, गिब की. तिचा उतार शंभरास एक. ती बसवताना चाकाच्या खाचेला निळा रंग अगदी पातळ पुसायचा, चावी आत सरकवायची आणि काढून पाहायची. निळे जिथे उमटले, तो उंचवटा. तेवढाच कानशीने उतरवायचा आणि पुन्हा निळे लावायचे. चावीच्या वरच्या व खालच्या अंगाला लांबीभर निळे दिसेपर्यंत हात थांबत नाही. घाईने ठोकलेली चावी एका टोकाशीच धरते. मग चाक डुलते, खाच रुंदावते आणि क्रँकशाफ्टवर बेतते. अशी चावी बसवून घेण्यासाठीच असते. तिला कानस लागणे हा दोष कसा?

मूळ मुद्दा असा, की माप एकट्या पार्टाचे नसते, जोडीचे असते. कारखान्यातला पार्ट नकाशाच्या मापाचा असतो. समोरचा शाफ्ट मात्र झिजलेला असतो, कधी ग्राइंडिंग करून बारीक केलेला असतो. ओव्हरसाईज पिस्टन आणि अंडरसाईज बेअरिंग दुकानात मिळतात, ही कंपन्यांनी दिलेली कबुलीच आहे. पिस्टन रिंगचेही तसेच. ती लायनरमध्ये सरळ ठेवून तोंडाची फट फिलर गेजने मोजतात आणि कमी भरली तर टोके घासतात. हे न करता घातलेली रिंग तापली की फुगते, टोके भिडतात आणि लायनर ओरबाडून निघतो. इथे कानस न लावणाराच अडाणी ठरतो.

राहिला शेवटचा आक्षेप: वाईट मेस्त्री घासून घासून सगळेच बिघडवतो. बिघडवतो, यात शंका नाही. पण तो दोष न मोजता घासण्याचा आहे. या कामाचे नियम कडक आहेत. आधी मोजायचे, मग घासायचे. घासायचा तो नवा, स्वस्त, बदलता येणारा पार्ट. जुन्या शाफ्टला किंवा बॉडीला हात लावायचा नाही. काढलेला धातू परत येत नाही, म्हणून शंका आली की थांबायचे.

आयटीआयच्या दोन वर्षांच्या फिटर ट्रेडमध्ये पोरांच्या हाती आधी कानस देतात, ती याच शिस्तीसाठी. ती शिस्त जुनाट समजून गुंडाळू नये. आणि शेतकऱ्यांना एवढेच सांगणे आहे: मेस्त्रीने पार्टाला कानस लावली म्हणून त्याच्यावर संशय घेऊ नका. किती घासले आणि कोणत्या मापाला, हे त्याला विचारा. मापात उत्तर देईल, त्याच्या हाती इंजिन निर्धास्त सोपवा.