रेडिओ आपत्ती इशारा यंत्रणा

रेडिओ आपत्ती इशारा यंत्रणा ही पूर, अतिवृष्टी, वीज, वादळ अशा संकटांची अधिकृत सूचना मिळताच रेडिओ केंद्राचा चालू कार्यक्रम थांबवून ती श्रोत्यांपर्यंत पोहोचविणारी साधनव्यवस्था होय. एकाच इमारतीतून अनेक केंद्रे चालत असल्यास तिचा काही भाग सामायिक ठेवता येतो.

रचना
अमेरिकेत १९९७ पासून वापरात असलेली आपत्कालीन इशारा प्रणाली (ईएएस) हे या यंत्रणेचे परिचित उदाहरण आहे. तेथे प्रत्येक केंद्राचा ग्राही किमान दोन स्वतंत्र स्रोत सतत ऐकत असतो. इशाऱ्याच्या आरंभी संकटाचा प्रकार, क्षेत्र व मुदत सांगणारा सांकेतिक मजकूर तीनदा येतो. डिकोडर तो वाचतो. त्यानंतर ८५३ व ९६० हर्ट्झचा जोडस्वर, बोललेला संदेश आणि शेवटी समाप्तीचा संकेत प्रसारित होतो. निवेदकाचे शब्द यंत्राला कळत नाहीत. त्यामुळे क्षेत्राचा संकेत चुकला तर संदेश कितीही स्पष्ट असला तरी तो योग्य गावी पोहोचत नाही.

अनेक केंद्रांसाठी उभारणी
एकाच मालकीच्या व एकाच नियंत्रण कक्षातून चालणाऱ्या केंद्रांना एक एन्कोडर सामायिक वापरण्याची मुभा अमेरिकी नियमांत आहे. मात्र प्रत्येक प्रक्षेपकाच्या वाटेवर वेगळा ध्वनिबदल रिले बसवणे इष्ट असते. वीज गेली किंवा उपकरण बिघडले तर हा रिले आपोआप नेहमीच्या कार्यक्रमाकडे परतला पाहिजे. अन्यथा एका बिघाडाने सर्व केंद्रे एकाच वेळी मुकी होतात. सामायिक उपकरणाची बचत याच ठिकाणी महागात पडू शकते. ग्राही, डिकोडर व प्रक्षेपक या तिन्हींना बॅटरी वा जनित्राचा आधार लागतो. केवळ प्रक्षेपकाला जनित्र जोडून भागत नाही.

भारतातील स्थिती
राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही प्रणाली सी-डॉट या संस्थेने विकसित केली असून ती कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय संदेशरचनेवर आधारित आहे. २०२३ मध्ये भ्रमणध्वनींवर मोठ्या आवाजात आलेले चाचणी संदेश अनेकांच्या स्मरणात असतील. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा देते. सर्व खाजगी केंद्रांना बंधनकारक अशी अमेरिकेसारखी स्वयंचलित रेडिओ साखळी मात्र भारतात नाही. येथे सूचना बहुधा माणसाच्या हातून निवेदकापर्यंत जाते. रात्री कक्षात कोणी नसेल, तर ही साखळी तेथेच तुटते.

तुळजापूर परिसर
३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारी भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो बळी घेतले. केंद्राजवळच्या गावांना अशा भूकंपाची पूर्वसूचना रेडिओ देऊ शकत नाही, कारण हादरा काही सेकंदांतच पोहोचतो. मदत कोठे मिळेल व कोणती अफवा खोटी, हे सांगणे हे त्याचे खरे काम ठरते. पावसाबाबत स्थिती वेगळी आहे. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत तुळजापूर तालुक्यात शेतीचे मोठे नुकसान झाले. अशा संकटापूर्वी काही तास हाती असतात.

आकाशवाणीची केंद्रे धाराशिव व सोलापूर येथे आहेत. ती वेगवेगळ्या शहरांत असल्याने त्यांना एक उपकरण पुरणार नाही. प्रत्येकाला स्वतंत्र डिकोडर व क्षेत्रसंकेत लागतील. तुळजापूर बालाघाटच्या डोंगररांगेत वसले आहे. एफएम लहरी साधारणतः सरळ रेषेत जात असल्याने डोंगराआडच्या गावांत त्या क्षीण होतात, तर मध्यम लहरी जमिनीलगत दूर जातात. म्हणून एकाच प्रकारच्या प्रक्षेपणावर विसंबणे येथे जोखमीचे आहे. नवरात्र व अश्विनी पौर्णिमेला तुळजाभवानीच्या दर्शनासाठी पायी येणाऱ्या भाविकांसाठी इशाऱ्यात तालुक्याबरोबर रस्त्याचे नावही असणे आवश्यक ठरते.

चाचणी व चुकीचे इशारे
१३ जानेवारी २०१८ रोजी हवाई बेटांवर क्षेपणास्त्र हल्ल्याचा खोटा इशारा प्रसारित झाला. तो चुकीचा असल्याचा संदेश ३८ मिनिटांनी आला. त्यामुळे चाचणी व खरा इशारा यांच्या आज्ञा पडद्यावर स्पष्ट वेगळ्या ठेवणे, पाठविण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीची संमती घेणे आणि इशारा मागे घेणारा संदेश आधीच तयार ठेवणे आवश्यक मानले जाते. अमेरिकेत इशाऱ्याचा जोडस्वर जाहिरातीत वा नाटकात वापरण्यास मनाई आहे.