रोटी घाटातली वाइन

वरवंडचा मुक्काम हलला की तुकोबांची पालखी पाटसवरून दौंड तालुक्यातला रोटी घाट चढते. चढाला रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. याच रोटीच्या माळावर फोर सीझन्स वायनरी उभी राहिली. गाईडसोबत पिंपं बघायची, पेला फिरवून वास घ्यायचा, घोट चाखायचा.

हे जमलं कसं? १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात दारू प्यायला आजही परवाना लागतो. २००१च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानं मात्र वाइनला शेतीच्या पंगतीत बसवलं. २०२२मध्ये ती सुपरमार्केटात विकायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा शिरूरपलीकडच्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला.

माळकरी आणि पर्यटक एकाच घाटातून जातात. दोघांनाही आपली वाट ठाऊक आहे. वाइन शेतमाल की व्यसन, हे सरकारचं मात्र अजून ठरायचंय.