चाळणीतून काय सुटते?
विमानतळावरील तपासणीचा इतिहास

लातूरच्या मुलांना धातुशोधक यंत्र बहुधा विमानतळावर नव्हे, तर परीक्षेच्या दारात प्रथम भेटते. 'नीट' परीक्षेला जाताना धातूची बटणे, बांगड्या, घड्याळ यांवर बंदी असते. दारातला माणूस हातातली पट्टी अंगावरून फिरवतो आणि ती वाजली की मुलगा बाजूला उभा राहतो. हे यंत्र विमानतळावरचेच. तिथल्या प्रवाशांची तक्रारही ओळखीची आहे: आमच्या नेलकटरवर आक्षेप घेतला जातो, पाण्याची बाटली टाकून द्यावी लागते, रांगेत अर्धा तास जातो, मग खरा धोका तरी सापडतो का? या प्रश्नाचे उत्तर त्राग्याने मिळणार नाही. त्यासाठी तपासणीचा इतिहास आणि त्यामागचे विज्ञान, दोन्ही पाहिले पाहिजेत.

गादीतल्या तारा

२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरातच राहिली. ती शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी एक यंत्र बनवले. त्यामागचे तत्त्व फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेले होते. तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होतात, मूळ क्षेत्रात फरक पडतो आणि तो फरक आवाजाच्या रूपाने कानावर येतो.

बेल यांचे यंत्र प्रयोगात उत्तम चालले होते. राष्ट्राध्यक्षांच्या खाटेपाशी मात्र ते भलतीकडेच वाजू लागले. गादीत पोलादी तारा होत्या! शिवाय गोळी उजव्या बाजूला आहे अशी प्रमुख डॉक्टरांची खात्री असल्याने शोध त्याच बाजूला झाला. गोळी निघाली डावीकडे, तीही सप्टेंबरात गारफील्ड यांचे निधन झाल्यावर.

तपासणीच्या पुढच्या सगळ्या इतिहासाचे सार या एका प्रसंगात आहे. यंत्र 'धातू आहे' एवढेच सांगते. तो धातू गोळीचा की गादीचा, हे माणसाने ठरवायचे असते. आणि आपण जिथे शोधत नाही, तिथे यंत्राचा काहीच उपयोग नसतो.

क्ष-किरणांचेही तसेच. राँटगेनने १८९५ साली शोधलेले हे किरण जड मूलद्रव्यांत अधिक शोषले जातात, हलक्या मूलद्रव्यांत कमी. आजची यंत्रे दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण वापरून पडद्यावर धातू निळा आणि सेंद्रिय पदार्थ नारिंगी दाखवतात. पण शेंगदाण्याचे लाडू, वह्या, साबण आणि प्लॅस्टिक स्फोटक हे सारेच नारिंगी! यंत्राला घनता कळते, हेतू कळत नाही.

खेळण्यातले पिस्तूल

विमानतळावरील तपासणी सुरू झाली ती अपहरणांमुळे. १९६८ नंतर अमेरिकेत अपहरणांची साथच आली. अखेर ५ जानेवारी १९७३ पासून तिथे प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली आणि अपहरणे झपाट्याने कमी झाली. तेव्हा तपासणी निरुपयोगी आहे असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. खिशात पिस्तूल घालून सहज विमानात चढणारा माणूस तिने अडवला.

आपल्याकडचा अनुभव थोडा निराळा आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान लाहोरला नेण्यात आले. अपहरणकर्त्यांकडचे पिस्तूल खेळण्यातले होते आणि हातबाँब लाकडाचा. २० डिसेंबर १९७८ रोजी लखनौ–दिल्ली विमान दोन तरुणांनी वाराणसीला उतरवले, तेही खेळण्यातली शस्त्रे दाखवून. शस्त्र खोटे होते, भीती खरी होती. भीती कोणत्या यंत्रात दिसणार?

दरम्यान १९७६ सालच्या एका अपहरणानंतर पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षेसाठी एक कक्ष स्थापन झाला. १९८७ साली तो स्वतंत्र विभाग बनला. याला निमित्त झाले ते 'कनिष्क'.

जिथे यंत्र नव्हे, हिशेब चुकला

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' हे विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटाने नष्ट झाले. ३२९ जण मृत्युमुखी पडले. बाँब असलेली बॅग व्हँकुव्हरहून आली होती. ज्याच्या नावे ती आली, तो प्रवासी विमानात बसलाच नव्हता.

टोरांटोला सामानाची तपासणी चालू असतानाच क्ष-किरण यंत्र बंद पडले. उरलेल्या बॅगांवर स्फोटकांचा वास घेणारे एक हातातले यंत्र फिरवण्यात आले. त्याची क्षमता तोकडी असल्याचे आधीच दिसून आले होते. एका बॅगेपाशी ते हलकेसे वाजले. पण प्रात्यक्षिकात ऐकवला होता तेवढा मोठा आवाज नाही, म्हणून बॅग पुढे गेली.

शिक्षकांनी इथे थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. 'या बॅगेचा मालक विमानात आहे काय?' हा प्रश्न विचारायला क्ष-किरण लागत नाहीत. कागद, पेन्सिल आणि प्रत्येक बॅगेसमोर एक खूण पुरते. मालकाशिवाय बॅग चढवायची नाही हा नियम नंतर जगभर कडक झाला. भारतात तर कित्येक वर्षे प्रवाशांना विमानाजवळ उभे राहून आपापली बॅग बोटाने दाखवावी लागे. प्रवासी कंटाळत, पण या साध्या रीतीमागे ३२९ माणसांचे मरण होते. तरीही २१ डिसेंबर १९८८ रोजी लॉकरबी येथे पॅन अ‍ॅमचे विमान अशाच बेवारस बॅगेने पडले आणि २७० जण गेले. नियम कागदावर असणे वेगळे आणि पाळला जाणे वेगळे.

अनुभवाने शहाणे होण्याची ही रीत पुढेही चालू राहिली. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेल्या विमानाचे अपहरण होऊन ते कंदाहारला नेले गेले. त्यानंतर २००० सालापासून आपल्या विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटक आणले, म्हणून बूट काढणे आले. (अमेरिकेने हा सरसकट नियम जुलै २०२५ मध्ये सोडला.) २००६ साली द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला, म्हणून १०० मिलिलिटरची मर्यादा आली. प्रत्येक नियम कालच्या वाटेवर घातलेले कुंपण असतो.

तूरडाळ आणि डोळा

आता माणसाकडे वळू. लातूरची तूरडाळ सर्वांच्या परिचयाची. डाळीत खडे बरेच असले की निवडणाऱ्याचा डोळा जागा राहतो. पोत्यात एखादाच खडा असेल, तर नजर वरून घसरत जाते आणि नेमका तो खडा दाताखाली येतो. मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ व सहकाऱ्यांनी २००५ साली हेच मोजून दाखवले. निम्म्या चित्रांत शोधायची वस्तू असताना ती सुमारे ७ टक्के वेळा निसटली. शंभरात एकाच चित्रात असताना सुमारे ३० टक्के वेळा. म्हणूनच आजची यंत्रे मधूनच पडद्यावर खोटे पिस्तूल किंवा खोटा बाँब दाखवतात. उद्देश एकच, डोळा जागा राहावा. तरीही अमेरिकेतील गुप्त चाचण्यांत ७० पैकी ६७ वेळा बंदी असलेल्या वस्तू आत गेल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले.

दुसरी अडचण गणिताची. समजा, १० लाख बॅगांत एकच घातक आहे आणि तपासणी ९९ टक्के अचूक आहे. मग निर्दोष बॅगांपैकी सुमारे १०,००० बॅगांवरही घंटा वाजेल! म्हणजे वाजलेल्या घंटांपैकी खरी जेमतेम एक. यात कुणाची कामचुकारी नाही. दुर्मीळ गोष्ट शोधणाऱ्या प्रत्येक चाचणीचा, मग ती रोगाची का असेना, हा स्वभावच आहे.

भोके किती मोठी?

चाळणीची भोके किती मोठी ठेवायची हे अखेर समाज ठरवतो. याचे उदाहरण शेजारी नांदेडलाच आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथे देह ठेवला त्या नगरीच्या विमानतळाला त्यांचेच नाव आहे. तिथे येणाऱ्या शीख यात्रेकरूला कृपाण ही श्रद्धेची खूण आहे आणि संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने ती मान्य केली आहे. मार्च २०२२ च्या आदेशानुसार देशांतर्गत प्रवासात ६ इंचांपर्यंत (१५.२४ सें.मी.) पाते व ९ इंचांपर्यंत (२२.८६ सें.मी.) एकूण लांबी असलेले कृपाण नेता येते. या आदेशाला दिलेले आव्हान दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेटाळले. १९८१ साली याच शस्त्राच्या धाकाने एक विमान लाहोरला नेले गेले होते, हे खरे. आणि लाखो श्रद्धाळू ते निष्पापपणे धारण करतात, हेही खरे. दोन्ही सत्ये फूटपट्टीवर मावत नाहीत. ११ सप्टेंबर २००१ पूर्वी अमेरिकेत ४ इंचांहून लहान पात्याचा चाकू चालत असे. त्या दिवसानंतर विमानात चाकूबंदी आली, तसे वैमानिकाच्या कक्षाचे दारही भक्कम करण्यात आले. फूटपट्टीपेक्षा त्या दाराचा उपयोग अधिक आहे, असे आमचे मत आहे.

परीक्षेच्या दारातही हाच धडा लागू आहे. २०२४ च्या 'नीट' पेपरफुटीत, सीबीआयच्या म्हणण्यानुसार, प्रश्नपत्रिका हजारीबागच्या एका केंद्रात पेटी उघडून बाहेर काढली गेली. त्या दिवशी लाखो मुलांच्या बटणांवर पट्टी फिरली. चोरी मात्र दुसऱ्याच दाराने झाली. कनिष्कच्या बॅगेप्रमाणे इथेही शोध एकीकडे आणि धोका दुसरीकडे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. प्रत्येकी दोनशे डाळीच्या दाण्यांच्या वीस पुड्या करा. पहिल्या फेरीत दहा पुड्यांत एकेक उडदाची डाळ टाका, दुसऱ्या फेरीत एकाच पुडीत. मुलांना प्रत्येक पुडीला पाच सेकंदच द्या आणि किती डाळी निसटल्या त्याची नोंद ठेवा. मग दोन प्रश्न विचारा: ही चाळणी नेमके काय पकडते? आणि काय पकडूच शकत नाही? हे दोन प्रश्न विचारायची सवय लागलेला नागरिक रांगेत उगाच चिडणार नाही, आणि घंटा वाजली नाही म्हणून निर्धास्तही होणार नाही.