शालेय व्यवसायोपचार : हस्ताक्षर आणि वर्तनाच्या अडचणी

शाळेच्या दिनक्रमात मूल जिथे अडते, तिथेच त्याला मदत करणारी व्यवसायोपचाराची (ऑक्युपेशनल थेरपीची) शाखा. लेखन, दप्तर आवरणे, डबा उघडणे, रांगेत उभे राहणे, एका जागी बसणे हे सारे मुलाचे ‘व्यवसाय’च मानले जातात. मात्र शाळेकडून तज्ज्ञाकडे येणाऱ्या चिठ्ठीत बहुधा दोनच तक्रारी असतात : अक्षर वाचता येत नाही आणि वर्गात त्रास देतो.

या शाखेला कायद्याचा आधार प्रथम अमेरिकेत मिळाला. 1975 च्या अपंग बालकांच्या शिक्षणविषयक कायद्याने सरकारी शाळांत व्यवसायोपचार ही शिक्षणाला पूरक सेवा ठरली आणि प्रत्येक पात्र मुलासाठी लेखी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा सक्तीचा झाला. त्यामुळे ‘बोटांची ताकद वाढवणे’ हे उद्दिष्ट पुरेसे राहिले नाही. ‘फळ्यावरचा गृहपाठ वेळेत उतरवून घेणे’ असे काही लिहावे लागू लागले. भारतात या विद्येचे पहिले शिक्षणकेंद्र 1950 मध्ये कमला निंबकर यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू केले. जन्माने अमेरिकन असलेल्या निंबकर लग्नानंतर येथेच स्थायिक झाल्या होत्या. रुग्णालयातल्या या उगमाची छाप आजही दिसते : बहुतेक शाळांत व्यवसायोपचारतज्ज्ञाचे पद नसते आणि पालक मुलाला घेऊन ओपीडी गाठतात. तिथल्या शांत खोलीत, एकट्याने लिहिलेल्या चार ओळींवरून चाळीस मुलांच्या वर्गातला गोंधळ कळत नाही.

तपासणीत सगळ्यात बोलकी असते ती मुलाची वही. पहिल्या दोन ओळी नेटक्या आणि पाचव्या ओळीपासून अक्षरे मोठी होत रेघ सोडू लागली, तर हात थकतो आहे. पहिल्या ओळीपासूनच विस्कळीतपणा असेल, तर अक्षराचे वळणच पक्के झालेले नाही. पुस्तकातून नीट, पण फळ्यावरून चुकत उतरवत असेल, तर आधी डोळे तपासावेत. देवनागरीच्या स्वतःच्या अडचणी आहेतच. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरक बराचसा शिरोरेषेवर अवलंबून असतो, शब्दांमधली जागाही तीच दाखवते. ती सलग ओढली की सगळे वाक्य एकच शब्द होते. वेलांट्या, उकार, रफार यांसाठी हात पुन्हा मागे, वर किंवा खाली न्यावा लागतो. इंग्रजी लिपीसाठी बनवलेल्या प्रमाणित चाचण्यांना यातले काहीच मोजता येत नाही.

वर्तनाची नोंद घेताना त्याआधी काय झाले आणि त्यानंतर काय झाले, हे पाहतात. ‘वह्या काढा’ म्हणताच तहान लागणे, टोक पुन्हा पुन्हा मोडणे, शेजाऱ्याला ढोसणे, आणि शेवटी वर्गाबाहेर उभे राहण्याची शिक्षा. बाहेर गेले की लेखन टळते, म्हणजे शिक्षाच बक्षीस ठरते. अशा मुलाला ‘व्रात्य’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. उलटही घडते : अवधानाच्या दोषामुळे (एडीएचडी) घाई करणाऱ्या मुलाचे अक्षर त्या घाईनेच बिघडते. एकाच वहीत दोन्ही कारणे सापडणेही नवीन नाही.

उपचारांबाबत मतभेद आहेत. जीन एअर्स या अमेरिकन तज्ज्ञ स्त्रीने मांडलेल्या संवेदन-एकात्मीकरणाच्या विचारातून झोके, वजनदार जाकिटे, ब्रश फिरवणे असे बरेच काही प्रचारात आले. त्यासाठीचा पुरावा तोकडा असल्याचे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2012 मध्ये सांगितले. हस्ताक्षरावरील उपायांचा हॉय, इगन आणि फेडर यांनी 2011 मध्ये घेतलेला आढावा अधिक रोखठोक आहे : प्रत्यक्ष लेखनाचा सराव आणि किमान 20 सत्रे असलेले कार्यक्रम उपयोगी पडले, सराव नसलेले पडले नाहीत. थोडक्यात, नुसती माती मळून अक्षर सुधारत नाही. रोज थोडा वेळ आणि एकसारख्या वळणाची अक्षरे एकत्र घेऊन केलेला सराव फळतो. मराठी शाळेची जुनी ‘गमभन’ रीत हेच करत आली आहे. दहा वेळा लिहून आणण्याची शिक्षा मात्र थकलेल्या हाताला आणखी थकवते.

बसण्याचा सल्लाही जागा पाहून द्यावा लागतो. पाय जमिनीवर टेकलेले, गुडघे काटकोनात हे वर्णन बाकासाठी आहे. बसकर पट्टीवर मांडी घालून, वहीवर ओणवे होऊन लिहिणाऱ्या मुलाला तिरका ठेवलेला पाट अधिक कामाचा. वर्तनासाठी लेखनाचे तुकडे पाडणे, मध्ये वह्या वाटण्यासारखे हालचालीचे काम देणे आणि ‘थोडे थांबू का?’ असे विचारायला शिकवणे हे नेहमीचे उपाय. ते रोज राबवायचे असतात शिक्षकांनी, म्हणून तज्ज्ञाचा बराच वेळ त्यांच्याशी बोलण्यात जातो, किंवा जायला हवा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असून त्यात लेखनदोषाचाही (डिसग्राफिया) उल्लेख आहे. प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळू शकतो. लेखनिकाला उत्तर सांगणे हे वेगळेच कौशल्य आहे : विचार आणि बोलणे यांची सांगड घालावी लागते, समीकरण चिन्हांसकट तोंडी मांडावे लागते. त्यामुळे त्याचा सराव बोर्डाच्या परीक्षेच्या बराच आधी, घटक चाचण्यांपासून सुरू करतात.