शर्यतीच्या मोटारी आणि भंडाऱ्याचे मँगनीज

१/ ऑगस्ट १९२४. फ्रान्समधील लियाँजवळच्या ग्रां प्री शर्यतीत एत्तोरे बुगाटी यांची ‘टाइप ३५’ प्रथमच उतरली. या मोटारीची कथा असंख्य वेळा सांगितली गेली आहे. आज ती आपल्या तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथून पाहू.

२/ इंजिनात आठ सिलिंडर एका रांगेत. क्षमता १,९९१ घनसेंटीमीटर. वेग मिनिटाला सुमारे ६,००० फेरे. पुढचा आस पोकळ, आणि त्यात राखलेल्या चौकोनी भोकांतून कमानपाटे आरपार गेलेले. वजन वाचवण्यासाठी धातू कमी वापरायचा, तर जो वापरायचा तो दगा न देणारा हवा.

३/ येथे मँगनीज येते. लोखंडातील गंधक लोहाशी संयोग पावते. हे संयुग कमी तापमानाला वितळते, म्हणून तापलेले पोलाद घणाखाली तडकते. मँगनीज त्या गंधकाला स्वतःकडे ओढून घेते आणि पोलाद घडाईला टिकते. १८५६ च्या सुमारास बेसेमरच्या ठिसूळ पोलादावर रॉबर्ट मशेट यांना हाच उपाय सापडला. पुढे मोटारींच्या कमानपाट्यांसाठी सिलिकॉन-मँगनीज पोलाद रूढ झाले.

४/ हे मँगनीज येई कोठून? विसाव्या शतकाच्या आरंभी रशिया आणि हिंदुस्थान हे त्याचे मोठे पुरवठादार होते. हिंदुस्थानात मध्य प्रांत अग्रेसर, आणि त्यात नागपूर, बालाघाट यांच्या जोडीला भंडारा. १८९६ मध्ये स्थापन झालेली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ हीच पुढे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ झाली. खनिज रेल्वेने बंदरांकडे जाई. १९३३ पासून विशाखापट्टणमचे बंदरही खुले झाले.

५/ उघड्या खाणीत दगड फोडणे, हातोडीने निवडणे, टोपल्यांनी वाहणे, ही कामे माणसांच्या हातांनी होत. त्या हातांत स्त्रियांचे हात पुष्कळ होते. युरोपातील कारखान्यांना शुद्ध खनिज मिळे, ते या निवडीमुळे.

६/ भट्टीत गेलेल्या खनिजाला गाव उरत नाही. म्हणून अमुक मोटारीत चिखल्याचे मँगनीज होते, असा दाखला मागणे व्यर्थ आहे. परंतु ज्या पोलाद-उद्योगावर या मोटारी उभ्या राहिल्या, त्याच्या पायात मध्य प्रांताचे खनिज होते, हे निश्चित. चालकाचे नाव विजेत्यांच्या यादीत राहिले, अभियंत्याचे नाव मोटारीवर राहिले. निवडणारीचे नाव फार तर हजेरीपटावर चढले.

७/ १९६२ मध्ये या खाणी ‘मॉयल’कडे आल्या आणि त्या आजही चालू आहेत. त्या टाइप ३५ मोटारी संग्रहालयांत काचेसारख्या चकचकीत ठेवल्या आहेत. खाणीतल्या आज्यांच्या आठवणी मात्र कोणी जपून ठेवल्या नाहीत. तुमच्या घरातील कोणी तेथे राबले असेल, तर त्यांना आजच विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. तारीख घालायला विसरू नका.