केनियाचें सरकारी गॅझेट : एक ऐतिहासिक साधन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आमच्या संशोधकांच्या डोळ्यांपुढें प्रथम हस्तलिखित कागद उभा राहतो. सनद, ताकीदपत्र, महजर, रोजकीर्द, खासगी पत्रव्यवहार यांची प्रतवारी लावण्याची संवय आम्हांस जडलेली आहे. छापील सरकारी कागद हातीं पडला तर तो मात्र बहुधा रद्दींत जातो. छापील आहे, तेव्हां सर्वांस ठाऊक आहे. सरकारी आहे, तेव्हां नीरस आहे. अशी आमची समजूत. ही समजूत कितपत खरी, याचा विचार प्रस्तुत लेखांत एका दूरच्या देशाच्या उदाहरणावरून करण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो देश पूर्व आफ्रिकेंतील केनिया, आणि तें साधन तेथील सरकारी गॅझेट. सरकार जें स्वतः छापून प्रसिद्ध करतें त्यावर संशोधकानें किती भिस्त ठेवावी, हा मुख्य प्रश्न होय.

या देशाचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत असा. इ. स. १८९५ च्या जुलैंत ब्रिटिशांनीं मोंबासापासून आंतल्या बाजूस पसरलेल्या मुलखावर आपलें संरक्षण जाहीर केलें व त्यास ईस्ट आफ्रिका प्रोटेक्टोरेट असें नांव दिलें. पुढील वर्षीं युगांडा रेल्वेचें काम निघालें. त्यासाठीं हिंदुस्थानांतून सुमारें ३२,००० मजूर करारानें नेण्यांत आले, आणि १९०१ च्या अखेरीस रूळ व्हिक्टोरिया सरोवराच्या कांठीं पोंचले. हें काम चालू असतांनाच, १८९९ सालीं, मोंबासा येथें पहिलें सरकारी गॅझेट निघालें. त्याच्या शिरोभागीं पूर्व आफ्रिका व युगांडा या दोन्ही संरक्षित प्रदेशांचीं नांवें होतीं. राज्यकारभाराचें ठाणें १९०५ सालीं नैरोबीस गेलें. १९२० सालीं किनारपट्टी वगळून बाकीच्या मुलखाची वसाहत झाली व केनिया हें नांव सरकारी कागदांत रूढ झालें. १२ डिसेंबर १९६३ रोजीं देश स्वतंत्र झाला आणि बरोबर एक वर्षानें प्रजासत्ताक बनला. कमिशनर जाऊन गव्हर्नर आले, गव्हर्नर जाऊन राष्ट्राध्यक्ष आले. शिरोभागावरील नांव व मुद्रा पालटली, पण गॅझेटाची परंपरा तुटली नाहीं. तीन राजवटींचा कारभार एकाच मालिकेंत, एकाच ठशाच्या नोटिसांत नोंदलेला सांपडावा, हा योग दप्तरांच्या इतिहासांत सामान्य नव्हे.

या मालिकेचे आरंभींचे अंक हिंदी वाचकास अगदींच परके वाटणार नाहींत. १८९७ च्या राजाज्ञेनें त्या मुलखास जे कायदे लागू झाले ते हिंदुस्थानचेच होते. आपलें पीनल कोड, पुराव्याचा कायदा, कराराचा कायदा, दिवाणी व फौजदारी कामकाजाचे कायदे हे सर्व समुद्र ओलांडून तिकडे गेले. शेजारच्या झांजीबार येथील ब्रिटिश न्यायालयाच्या निकालांवरील अपिलें तर मुंबईच्या हायकोर्टापुढें येत. चलन रुपयाचें होतें व तें १९२० पर्यंत टिकलें. पुढें तिकडे स्वतंत्र पीनल कोड १९३० सालीं आलें, कराराचा हिंदी कायदा १९६१ सालीं गेला. परंतु मालमत्तेच्या हस्तांतरणाचा १८८२ चा हिंदी कायदा केनियांत २०१२ पर्यंत अंमलांत होता. सरकारी कचेऱ्यांतील कारकुनी कामांत गोमंतकीय मंडळींचा भरणा मोठा होता, हेंही लक्षांत घेतलें म्हणजे या कागदांचें व आमच्या पश्चिम किनाऱ्याचें नातें किती जवळचें आहे हें कळून येईल.

आतां या गॅझेटाचें अंतरंग पाहूं. तें दर शुक्रवारीं निघतें. निकडीच्या प्रसंगीं विशेष अंक काढतात. त्यांतील नोटिसा दोन जातींच्या असतात. पहिल्या जातीस तेथें गॅझेट नोटीस म्हणतात. न्यायाधीश, मंत्री, मंडळांचे सभासद यांच्या नेमणुका व बडतर्फ्या, जमिनीचें संपादन, हरवलेल्या मालकीपत्राच्या जागीं नवें देण्याची सूचना, मयताच्या मिळकतीवर वारसपत्र मागणाऱ्याचा अर्ज, नांव बदलल्याची नोंद, असा सर्व मजकूर तींत येतो. दुसरी जात लीगल नोटीस या नांवाची; कायद्यानें दिलेल्या अधिकारांत मंत्र्यानें किंवा खात्यानें केलेले नियम तींत असतात व ते पुरवणीच्या अंकांत छापतात. दोन्ही जातींस आपापले क्रमांक असून ते दर वर्षीं नव्यानें सुरू होतात. म्हणून नोटिसीचा हवाला देतांना क्रमांकाबरोबर साल दिलें नाहीं, तर तो हवाला व्यर्थ होय.

ही प्रसिद्धि केवळ शोभेची नव्हे. २७ ऑगस्ट २०१० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेप्रमाणें पार्लमेंटाचा कायदा संमतीनंतर ७ दिवसांच्या आंत गॅझेटांत छापावा लागतो, आणि त्यांत दुसरा दिवस नमूद नसेल किंवा अन्य कायद्यानें ठरविला नसेल तर प्रसिद्धीपासून १४ व्या दिवशीं तो लागू होतो. जिल्हासरकारांचे कायदे तर गॅझेटांत आल्यावांचून अंमलांतच येत नाहींत. आमच्याकडे गांवचावडीवर दवंडी पिटल्यावांचून हुकूम रयतेस बांधीत नसे, त्याच तत्त्वाचें हें छापील रूप समजावें. राजाची इच्छा आणि रयतेचें बंधन यांच्यामध्यें प्रसिद्धि उभी असते.

तेव्हां या साधनाची पहिली योग्यता ही कीं, कोण, कोणत्या पदावर, कोणत्या तारखेपासून, कोणत्या कलमान्वयें नेमला गेला, याविषयीं तें जवळजवळ निर्णायक आहे. चरित्रांतील व आठवणींतील तारखा जेथें परस्परांशीं झगडतात, तेथें गॅझेट पाहावें व वाद मिटवावा. परंतु योग्यतेबरोबर मर्यादाही सांगितली पाहिजे. कराचीचे व्यापारी अलिभाई मुल्ला जीवनजी हे १९१० च्या सुमारास कायदेमंडळांत बसणारे पहिले हिंदी सभासद झाले, तेही सरकारनियुक्त म्हणून. अशा नेमणुकीची नोटीस नांव व पद सांगते. लोकसंख्येनें गोऱ्यांहून अधिक असलेल्या हिंदी लोकांस एकच जागा कां, आणि त्याहून कितीतरी अधिक असलेल्या आफ्रिकनांस एकही कां नाहीं, हें ती सांगत नाहीं. औंधच्या राजघराण्यांतील आप्पासाहेब पंत हे १९४८ पासून १९५४ पर्यंत हिंदुस्थान सरकारचे आयुक्त म्हणून नैरोबींत होते. आफ्रिकन जनतेविषयींची त्यांची उघड सहानुभूति वसाहत सरकारास खुपत असे. हा कलह अधिकृत नेमणुकीच्या दोन ओळींत शोधूं गेल्यास हातीं कांहींच लागावयाचें नाहीं. तो गोपनीय पत्रव्यवहारांत शोधावा लागतो. सारांश, नोटीस ही आज्ञेचा पुरावा होय, कारणाचा नव्हे.

ती कृतीचा तरी पुरावा आहे काय? याची कसोटी १९५२ च्या आणीबाणीवर लागते. गव्हर्नर सर एव्हलिन बेअरिंग यांनीं २० ऑक्टोबर १९५२ च्या सायंकाळीं आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर सही केली. त्याच रात्रीं जोमो केन्याटा व इतर पुढारी यांची धरपकड झाली, आणि लोकांस आणीबाणीची वार्ता कळली ती त्यानंतर, २१ तारखेस. म्हणजे सहीची वेळ, कृतीची वेळ व प्रसिद्धीची वेळ या तिन्ही निरनिराळ्या होत. त्यांची गल्लत केल्यास त्या रात्रीचा सर्व अर्थच हरवतो. पुढें जानेवारी १९६० पर्यंत आणीबाणी चालली. तिच्या नियमांनीं कोणास विनाचौकशी स्थानबद्ध करितां येईल, कोणत्या अपराधास फांशी होईल, कोणत्या लोकांस कुंपणाच्या वस्त्यांत राहावें लागेल, हें सर्व छापील आहे. सरकारनें काय करण्याचा अधिकार आपल्या हातीं घेतला, तें या नियमांवरून स्पष्ट दिसतें. तो अधिकार छावण्यांत कसा वापरला गेला, तें दिसत नाहीं.

३ मार्च १९५९ रोजीं होला येथील छावणींत ११ स्थानबद्ध मृत्यु पावले. ते पाणी प्याल्यानंतर मेले, अशा अर्थाचें पहिलें सरकारी निवेदन निघालें. चौकशीअंतीं ते मारहाणीनें मेले असें उघड झालें. सरकारी छापील शब्द व घडलेली गोष्ट यांतील अंतर किती असूं शकतें, याचें याहून विदारक उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

येथें हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष विचार करण्याजोगी गोष्ट पुढें येते. १९६१ सालीं इंग्लंडच्या वसाहतमंत्र्यांनीं असा दंडक घातला कीं, ब्रिटिश सरकारास अथवा त्याच्या नोकरांस लाजिरवाणे होतील असे कागद स्वतंत्र होणाऱ्या देशांच्या हवालीं करूं नयेत. त्याप्रमाणें केनियांतील पुष्कळ दप्तर जाळण्यांत आलें व कांहीं गुपचुप इंग्लंडास नेण्यांत आलें. केनियांतील वृद्ध बंदिवानांनीं आपल्यावरील अत्याचारांविषयीं लंडनच्या न्यायालयांत दावा लावला, तेव्हां कोठें २०११ सालीं ब्रिटिश सरकारनें केनियाविषयींचीं सुमारें १,५०० दप्तरें हॅन्स्लोप पार्क येथें असल्याचें कबूल केलें. जून १९१३ नव्हे, तर स्वातंत्र्यास अर्धशतक लोटलें तेव्हां, ६ जून २०१३ रोजीं, ५,२२८ वादींस १ कोटि ९९ लक्ष पौंडांची भरपाई जाहीर झाली व खेद प्रदर्शित करण्यांत आला. मधल्या पन्नास वर्षांत केनियाच्या इतिहासकारापुढें छापील गॅझेट उघडें होतें आणि त्याचें उत्तर देणारें हस्तलिखित दप्तर कुलपांत होतें. ज्यानें केवळ गॅझेटावर इतिहास रचिला, त्यानें खोटें लिहिलें असें नव्हे. पण त्यानें राज्यकर्त्याच्या तोंडचा अर्धाच इतिहास लिहिला.

असें असल्यास गॅझेट कनिष्ठ साधन ठरवावें काय? आमचें मत तसें नाहीं. कारण गॅझेटाचें मौनही बोलकें असतें. याचें अर्वाचीन उदाहरण पाहा. २०१० च्या घटनेप्रमाणें न्यायाधीशांची शिफारस न्यायिक सेवा आयोग करतो व नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात. आयोगानें २०१९ सालीं ४१ नांवें पाठविलीं. राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांनीं तीं अडवून धरिलीं. ही नेमणूक टाळण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांस नाहीं, असा निर्णय न्यायालयानें २०२० सालीं दिला, तरीही हालचाल झाली नाहीं. अखेर जून २०२१ मध्यें ३४ जणांची नेमणूक झाली. एक गृहस्थ तत्पूर्वींच निवर्तले होते, आणि ६ नांवें तशींच राहिलीं. राष्ट्राध्यक्ष विल्यम रूटो यांनीं सप्टेंबर २०२२ मध्यें पद स्वीकारतांच त्या सहांची नेमणूक केली व १४ सप्टेंबर रोजीं त्यांचा शपथविधि झाला. तीन वर्षांचा हा झगडा पुढील संशोधकास कशावरून कळेल? आयोगाची यादी एका बाजूस व गॅझेटांतील नांवें दुसऱ्या बाजूस मांडल्यावर जो खळगा दिसेल, त्यावरून. जी नोटीस निघावयास पाहिजे होती ती निघाली नाहीं, हीच येथें नोंद होय. राज्यकर्त्यास हुकूम लपवितां येतो, कागद जाळतां येतो; परंतु जेथें प्रसिद्धि हें कायद्याचें बंधन आहे, तेथें न केलेली प्रसिद्धि त्याच्याच छापखान्यांतून त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

यावरून अशा साधनाच्या वापराचे तीन नियम आम्ही सुचवितों. सही, प्रसिद्धि व अंमल यांच्या तारखा वेगळ्या नोंदाव्या. नोटीस ही आज्ञेचा पुरावा मानून कृतीसाठीं व कारणासाठीं दुसरा कागद शोधावा. आणि जेथें नोटीस अपेक्षित आहे तेथें ती नसल्यास, तो अभाव तारखेसह टिपून ठेवावा.

संग्राहकांविषयीं दोन शब्द लिहून हा लेख पुरा करूं. केनियाचे १९६६ सालचे उपराष्ट्राध्यक्ष जोसेफ मुरुंबी हे गोमंतकीय पित्याचे व मासाई मातेचे पुत्र. त्यांचें शिक्षण हिंदुस्थानांत झालें होतें. ग्रंथ, कागदपत्रें, टपालाचीं तिकिटें व आफ्रिकन कलावस्तु यांचा त्यांचा संग्रह थोर होता. तो परदेशीं विकला न जातां सरकारच्या स्वाधीन झाला व आज नैरोबीच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत पाहावयास मिळतो. ज्या देशाचें हस्तलिखित दप्तर परक्यांनीं उचलून नेलें, त्या देशांत एका संग्राहकानें आपली पुंजी घरींच ठेवावी, यांतील मर्म आमच्या वाचकांस उकलून सांगण्याची गरज नाहीं.

गॅझेटाचे जुने अंक आतां यंत्रसाहाय्यानें घरबसल्या वाचतां येतात. त्यांची दुर्मिळता संपली. त्यांच्या जोडीचा कागद मात्र दुर्मिळच आहे. मुंबई, गोवा व कोंकण येथील ज्या घराण्यांत पूर्व आफ्रिकेंतून परतलेल्या वाडवडिलांच्या पेट्या असतील, त्यांनीं नेमणुकीचे हुकूम, रजेचे अर्ज, जमिनीचे करार, घरीं लिहिलेलीं पत्रें हीं रद्दींत टाकूं नयेत. गॅझेटाच्या एका ओळींत ज्याचें नुसतें नांव छापलें आहे, तो माणूस कोण होता, हें त्या पेटींतील कागदाशिवाय दुसरें कोणी सांगणार नाहीं.