टाइमआउट : सातारा ते सांगली

आजचा भाग थोडा इतिहासाचा आणि थोडा माझ्या एका चुकीचा.

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग मुळात सातारा जिल्ह्यात. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी मी उलटा उद्योग करत होतो : एका संस्थेची या दोन गावांतली ऑफिसं एकाच डिस्कवर आणण्याचा. संस्थेचं नाव राहू दे. सांगलीत युनिक्स सर्व्हर, साताऱ्यात दुसरं युनिक्स मशीन, मध्ये ६४ केबीपीएसची लीज लाइन आणि तिच्यावर एनएफएस.

हे एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सचं. १९८२ साली सुरू झालेल्या या कंपनीच्या संस्थापकांत आपले विनोद खोसलाही होते. १९८५ मध्ये रसेल सँडबर्ग आणि सहकाऱ्यांनी या फाइल सिस्टमवर निबंध वाचला. त्यातली मुख्य कल्पना अशी, की सर्व्हरने काहीच लक्षात ठेवायचं नाही. समजा, उधारीची वही न ठेवणारा दुकानदार. गिऱ्हाइकाने दरवेळी सगळं सांगायचं : कुठली फाइल, कुठल्या बाइटपासून, किती. दुकान मधेच बंद पडलं तर गिऱ्हाइकाने दारात उभं राहून तेच परत मागायचं. उघडलं की व्यवहार तिथूनच पुढे. म्हणून स्क्रीनवर यायचं, ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग’. ही चिकाटी मुद्दाम ठेवलेली होती, बरं का.

आम्हाला मात्र ती छळ वाटायची. साताऱ्यात फाइल उघडली की स्क्रीन थिजायची. पिंग अगदी स्वच्छ. छोट्या फाइली उघडायच्या, मोठ्या अडकायच्या. खरं तर उत्तर इथेच होतं, पण साताऱ्याहून दर तासाला फोन येत होता. मी वैतागून ‘हार्ड’ माउंटचं ‘सॉफ्ट’ केलं. म्हणजे ठरावीक वेळा विचारून उत्तर नाही आलं तर नाद सोडायचा आणि प्रोग्रॅमला एरर द्यायची. त्या संध्याकाळी सगळे खूश.

महिनाअखेरीस साताऱ्याच्या एका जुन्या कारकुनांचा फोन आला, “साहेब, माझ्या वहीची बेरीज आणि तुमची बेरीज जुळत नाही.” ऊस उत्पादकांच्या बिलांची फाइल अर्धीच लिहिली गेली होती. एनएफएसने एरर दिली होती, पण आमच्या प्रोग्रॅमने ती तपासलीच नव्हती. स्क्रीनवर मात्र ‘काम पूर्ण’. लोकांचे पैसे होते ते. दोन रात्री बसून हाती लिहिलेल्या वहीवरून एकेक नोंद परत भरली. वही नसती तर काय, हा विचार अजूनही येतो.

मग कागद घेऊन गणित मांडलं. एनएफएस ८ केबीचा तुकडा मागत होतं. ८,१९२ बाइट म्हणजे ६५,५३६ बिट. ६४ केबीपीएसवर नुसते ते यायलाच एक सेकंद. आणि आमच्या मशीनचा पहिला टाइमआउट? ०.७ सेकंद! उत्तर वाटेत असतानाच आम्ही तेच परत मागत होतो आणि आधीच तुंबलेल्या लाइनवर आणखी ओझं टाकत होतो. शिवाय ते यूडीपीवर. ८ केबीची सहा पाकिटं व्हायची, त्यातलं एक हरवलं की सहाही वाया. पिंगचं पाकीट इवलंसं, ते बिचारं सुखरूप पोचायचं.

उपाय तीन ओळींचा. तुकडा १ केबीचा केला, टाइमआउट पाच सेकंदांचा केला आणि माउंट परत ‘हार्ड’. काम हळू चालायचं, पण चालायचं. आणि प्रोग्रॅममध्ये प्रत्येक राइटची एरर तपासायला लागलो.

१९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या सुमारास एनएफएस टीसीपीवरही चालू लागलं होतं, आमच्या जुन्या मशीनपर्यंत ते पोचलं नव्हतं इतकंच. आज लिनक्सवर टीसीपीचा टाइमआउट साठ सेकंदांचा असतो. तरीही कुणी “माउंट हँग होतंय, सॉफ्ट करू का?” असं विचारलं, की मी आधी विचारतो : लिहायची फाइल आहे का? असेल तर नको. थिजलेली स्क्रीन निदान दिसते तरी, अर्धी फाइल दिसत नाही.

तुमच्याकडे असा किस्सा असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.